अमालेकाची लेकरे

गिलगालच्या छावणीत शमुवेल पोहोचला तेव्हा त्याच्या कानावर मेंढरांचे बेंबावणे आणि गुरांचे हंबरणे पडले. शौल राजा अमालेकी लोकांवरची लढाई जिंकून परतला होता. म्हाताऱ्या संदेष्ट्याला सामोरे जाऊन त्याने सांगितले, की परमेश्वराची आज्ञा आपण पाळली. शमुवेलाने विचारले, मग ही जनावरे कुठून आली? आज्ञेत तर पुरुष, बायका, मुले, अंगावर पिणारी बाळे, बैल, मेंढरे, उंट, गाढवे यांतले काहीही जिवंत ठेवायचे नव्हते. शौलाने माणसे मारली होती. फक्त राजा अगागला कैद करून आणले होते आणि धष्टपुष्ट जनावरे तेवढी राखली होती, तीही देवाला बळी देण्यासाठीच, असे त्याचे म्हणणे. शमुवेलाने ते मानले नाही. बळीपेक्षा आज्ञापालन मोठे, असे सुनावून त्याने शौलाच्या हातून राज्य गेल्याचे जाहीर केले. मग अगागला पुढे आणवून त्याने स्वतःच्या हाताने त्याचे तुकडे केले.

बायबलच्या जुन्या करारातल्या शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातला हा पंधरावा अध्याय आहे. त्यात एक बारकावा आहे. शौलाने आज्ञा मोडल्याचे कळल्यावर शमुवेल रात्रभर जागून देवाचा धावा करत राहिला. त्या रात्रीचा सगळा आकांत राजाच्या चुकीपायी होता. ज्या तान्ह्या मुलांना मारले गेले, त्यांच्याविषयी त्या अख्ख्या अध्यायात कुणी एक शब्द बोलत नाही. शमुवेल बोलत नाही, शौल बोलत नाही, सैन्यातला कुणी बोलत नाही. शौलाचा गुन्हा असा, की त्याने पुरेसे मारले नाही.

अमालेकी लोकांचा गुन्हा काय होता, तर इजिप्तच्या गुलामीतून सुटून रानावनातून निघालेल्या इस्राएली लोकांवर त्यांच्या पूर्वजांनी हल्ला केला होता. थकूनभागून मागे रेंगाळलेल्यांना त्यांनी गाठून मारले, असे जुन्या करारातल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात म्हटले आहे. गुन्हा भ्याडपणाचा आणि गंभीर होता. पण तो शौलाच्या काळाच्या अनेक पिढ्या आधी घडला होता. आईच्या कडेवरच्या पोराला त्याच्याशी काय देणेघेणे?

हे वाचताना पोटात कालवते. कालवायलाच हवे. धर्मग्रंथात देवाच्या नावाने सांगितलेली हिंसा न्याय्य कशी ठरवायची, ठरवायची का, आणि ती न्याय्य नसेल तर त्या ग्रंथाचे करायचे काय, या वादाची ओळख करून घेताना सुरुवात याच अस्वस्थतेपासून व्हावी. हा वाद नास्तिकांनी बाहेरून आणून श्रद्धावानांवर लादला, असा एक सर्रास समज आहे. तो खरा नाही. सर्वांत जुने, सर्वांत धारदार आक्षेप त्या ग्रंथांना पवित्र मानणाऱ्यांनीच नोंदवले आहेत, आणि त्यांतले काही खुद्द ग्रंथांच्या आतच आहेत.

शमुवेलचेच पुस्तक पुढे वाचत गेले, तर सात अध्यायांनंतर तीच यादी पुन्हा भेटते. शौल आता दाविदाच्या मत्सराने पछाडलेला आहे. नोब या याजकांच्या गावाने दाविदाला आसरा दिला, भाकर दिली, म्हणून त्या याजकांना ठार मारण्याचा हुकूम तो आपल्या पहारेकऱ्यांना देतो. पहारेकरी हात उचलायला नकार देतात. तेव्हा दवेग नावाचा अदोमी माणूस पुढे होतो, एका दिवसात 85 याजक कापून काढतो, आणि मग गावावर तलवार चालते: पुरुष, बायका, मुले, तान्ही बाळे, बैल, गाढवे, मेंढरे. उंट सोडले तर यादी तीच. पंधराव्या अध्यायात जे देवाचे फर्मान म्हणून आले, ते बाविसाव्यात एका वेड्या राजाचा घोर अपराध म्हणून येते. ग्रंथकाराने हे दोन प्रसंग मुद्दाम आरशासारखे समोरासमोर ठेवले की नाही, यावर अभ्यासकांनी वाद घालावा. पण दोन्ही एकाच पुस्तकात इतक्या जवळ आहेत, आणि दुसऱ्या प्रसंगात साध्या शिपायांनी राजाज्ञा नाकारली याची नोंद ग्रंथाने जपून ठेवली आहे.

ज्यू धर्मपंडितांच्या नजरेतून हे सुटले नाही. बाबिलोनी तालमूदच्या योमा या भागात शौलाच्या तोंडी एक युक्तिवाद घातला आहे, जो मूळ बायबलमध्ये नाही. तो समजायला एक जुना विधी माहीत हवा. रानात बेवारशी प्रेत सापडले आणि मारेकरी कळला नाही, तर जवळच्या गावच्या वडीलधाऱ्यांनी वाहत्या ओढ्यापाशी एक कालवड आणून तिची मान मोडायची आणि हात धुऊन सांगायचे, की हे रक्त आम्ही सांडले नाही. तालमूदमधला शौल या विधीवर बोट ठेवतो. एका अनोळखी जिवासाठी धर्मशास्त्र एवढे करायला लावते, तर मग इतक्या सगळ्या जिवांचे काय? माणसांनी पाप केले असेल, जनावरांनी कोणते केले? मोठ्यांनी केले असेल, लहानग्यांनी कोणते केले?

यावर आकाशवाणी होते, की प्रमाणाबाहेर धर्मात्मा होऊ नकोस. आणि तोच शौल पुढे नोबच्या याजकांना मारायला सांगतो तेव्हा पुन्हा आकाशवाणी होते, की प्रमाणाबाहेर दुष्टही होऊ नकोस.

परंपरेने दिलेले उत्तर शौलाच्या विरुद्ध जाते. जिथे दया करायची नाही तिथे जो दया करतो, तो पुढे जिथे करायची तिथे क्रूर होतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. पण लक्ष द्यावे ते प्रश्नावर. प्रश्न रचणारे त्या ग्रंथाचे निष्ठावान अभ्यासक होते. अमालेकाच्या लेकरांचा कैवार घेणारा आवाज त्यांनी स्वतः निर्माण केला आणि त्याला पवित्र वाङ्मयात जागा दिली. आकाशवाणीने शौलाला गप्प केले खरे, पण त्याचा एकही मुद्दा खोडून काढला नाही.

अमालेकाची गोष्ट एकटी नाही. अनुवादाच्या पुस्तकात कनानमधल्या नगरांविषयी आज्ञा आहे, की तिथे श्वास घेणारे काहीही जिवंत ठेवू नये. इस्राएली लोकांचा नेता यहोशवा याच्या पुस्तकात यरीहोची तटबंदी कोसळते आणि राहाब वेश्येचे घर वगळता सगळ्यांची कत्तल होते. या प्रकाराला हिब्रूत हेरेम म्हणतात. जिंकलेले सर्व काही देवाला वाहून टाकायचे, म्हणजे माणसाने त्यातून लाभ घ्यायचा नाही. गुलाम नाही, लूट नाही, सगळे नष्ट. शौलाने राखलेली गुरे म्हणूनच इतकी महाग पडली.

ही चाल एकट्या इस्राएलची नव्हती. 1868 साली आजच्या जॉर्डनमधल्या धिबान इथे एक काळा शिलालेख सापडला. तो आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला मवाबचा राजा मेशा त्यात सांगतो, की कमोश देवाने आपल्याला नबो हे गाव इस्राएलकडून घ्यायला सांगितले. आपण रातोरात चालून गेलो, लढलो, आणि तिथल्या 7000 जणांना, बायकामुलांसकट, देवतेला अर्पण म्हणून मारले. क्रियापदही हेरेमचेच आहे. इथे मरणारे इस्राएली आहेत आणि आज्ञा देणारा देव दुसऱ्यांचा आहे. मेशाच्या या आज्ञेवर विश्वास ठेवणारा आज पृथ्वीवर कुणी नाही. यहोशवाला मिळालेल्या आज्ञेवर कोट्यवधी लोकांचा आहे. दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचले, की एका आज्ञेला अत्याचार आणि दुसरीला न्याय म्हणताना जीभ अडखळावी.

यरीहोची कत्तल झाली तरी होती का? 1952 ते 1958 या काळात कॅथलीन केन्यन यांनी तिथे उत्खनन केले. यहोशवाचा काळ सहसा इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात धरतात. त्या वेळी तिथे पाडायला तटबंदीचे मोठे नगरच नव्हते, ते काही शतके आधीच उद्ध्वस्त झाले होते, असे त्यांना आढळले. आय या दुसऱ्या नगराची कहाणीही अशीच निघाली. शिवाय शास्त्यांच्या पुस्तकाचा पहिलाच अध्याय कनानी लोक कुठे कुठे तसेच राहत राहिले याची लांबलचक नोंद देतो. बरेच अभ्यासक आज मानतात, की या कथांना आकार आला तो पुष्कळ नंतर, बहुधा इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपास, अश्शूरच्या टाचेखाली भरडल्या गेलेल्या एका छोट्या राज्यात. दुबळ्यांनी रंगवलेले आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाचे ते चित्र होते.

हे कळल्यावर अनेकांना हायसे वाटते. घडलेच नाही, मग प्रश्नच मिटला! पण तो मिटत नाही. आज्ञा ग्रंथात आदर्श म्हणून आहे, ती पूर्ण न करणाऱ्या राजाला तिथे शिक्षा झाली आहे, आणि वाचणाऱ्याच्या मनावर तिचा जो परिणाम व्हायचा तो पुरातत्त्वाचा अहवाल पाहून होत नाही. दुबळ्यांनी लिहिलेली गोष्ट पुढे बलवानांच्या हाती पडते, हा तर या विषयाचा सर्वांत दुःखद भाग आहे.

या पेचातून सुटण्याच्या वाटा फार आधीपासून शोधल्या गेल्या. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपीचा मार्कियन इसवी सन 144च्या सुमारास रोमच्या मंडळीतून बाहेर काढला गेला. त्याचे म्हणणे सरळ होते: जुन्या करारातला युद्ध करणारा देव आणि येशूचा दयाळू पिता एक असूच शकत नाहीत, तेव्हा जुना करार सोडून द्या. चर्चने ते नाकारले. ते बरे झाले, कारण त्या वाटेने गेले असते तर अब्राहाम, यशया आणि स्तोत्रेही गेली असती, आणि ज्यूंचा देव तो वाईट देव, ही कल्पना ख्रिस्ती जगात आणखी खोल रुजली असती. शंभर वर्षांनी ख्रिस्ती धर्मपंडित ओरिजेनने यहोशवाच्या पुस्तकावर प्रवचने दिली. त्याच्या मते ती नगरे म्हणजे माणसाच्या मनातले दुर्गुण. त्यांचा निःपात करायचा. ही युद्धे आध्यात्मिक युद्धांची प्रतीके नसती तर प्रेषितांनी ती पुस्तके येशूच्या शिष्यांना मंडळीत वाचायला दिलीच नसती, असा त्याचा तर्क होता. त्यात एक प्रांजळ कबुली दडलेली आहे, की शब्दशः घेतले तर हे ख्रिस्ती माणसाने वाचण्याजोगे नाही.

ज्यू धर्मशास्त्र्यांनी कायद्याची वाट धरली. इसवी सन 70मध्ये मंदिर पडल्यानंतरच्या पिढीत यहूदा नावाचा एक अम्मोनी माणूस ज्यू समाजात यायला परवानगी मागू लागला. अम्मोनींना तर शास्त्राने मज्जाव केलेला. मिश्ना हा ज्यू कायद्याचा संग्रह सांगतो, की रब्बी यहोशवांनी निर्णय दिला: अश्शूरच्या सन्हेरीबाने केव्हाच सगळी राष्ट्रे एकमेकांत मिसळून टाकली, तेव्हा आज कोण अम्मोनी हे कुणी सांगावे? त्याला घेतले गेले. बाराव्या शतकात मायमोनिदीसने लिहिले, की कनानच्या सात राष्ट्रांचा आता मागमूसही उरलेला नाही. आणि कोणतेही युद्ध, अगदी अमालेकाशीही, आधी शांततेचा प्रस्ताव दिल्याशिवाय करता येत नाही. आज्ञा पुस्तकात तशीच राहिली, पण ती लागू करायला जगात माणूस उरला नाही.

या वाटेची थोरवी पटकन लक्षात येत नाही. इथे कुणी देवाला दोष दिला नाही, ग्रंथातली ओळ खोडली नाही. फक्त कुणाही जिवंत माणसाकडे बोट दाखवून ‘हा तो’ म्हणण्याचा अधिकार काढून घेतला.

तत्त्वज्ञानात हाच प्रश्न वेगळ्या दाराने आला. प्लेटोच्या युथिफ्रो या संवादात सॉक्रेटिस विचारतो, की पवित्र गोष्ट देवांना आवडते म्हणून पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडते? पहिले उत्तर दिले तर देवाने सांगितले की बालहत्याही पुण्य ठरते. दुसरे दिले तर चांगुलपणा देवाच्या आज्ञेआधी कुठेतरी उभा असतो. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम दोन्ही टोकांना उभा दिसतो. सदोम नष्ट करायला निघालेल्या देवाशी तो घासाघीस करतो, 50 नीतिमान असतील तर, 45 असतील तर, असे करत 10 पर्यंत खाली आणतो, आणि सगळ्या जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही का, असे तोंडावर विचारतो. चारच अध्यायांनंतर स्वतःच्या मुलाचा बळी मागितला जातो, तेव्हा तोच अब्राहाम चकार शब्द न काढता पहाटे उठून गाढवावर खोगीर घालतो.

1798 साली कांटने या दुसऱ्या अब्राहामाला उत्तर सुचवले. आपल्या निरपराध मुलाला मारू नये, हे पक्के ठाऊक आहे. पण हा आवाज देवाचा आहे हे तितके पक्के ठाऊक नाही, आणि कधी होणारही नाही, असे त्याने म्हणायला हवे होते. 1843मध्ये कीर्केगॉरने उलट बाजू घेतली, पण हेही दाखवून दिले, की अब्राहामाची श्रद्धा कुणाला समजावून सांगता येण्याजोगी नाही. त्याच्या वाटेने जाणारा एकटा असतो आणि आपण खुनी नाही याची खात्री त्याला कुणीच देऊ शकत नाही.

कांटच्या अकराशे वर्षे आधी अरबस्तानात हाच मुद्दा एका पत्रव्यवहारात आला होता. खारिजी या मुस्लिम पंथाचा नेता नज्दा याने इस्लामच्या प्रेषितांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांना काही प्रश्न लिहून पाठवले. त्यांतला एक असा, की शत्रूंच्या मुलांना मारणे चालेल का? कुराणाच्या अठराव्या सूरेत मूसाच्या प्रवासातला साथी, ज्याला परंपरा खिज्र म्हणते, एका मुलाला मारतो आणि पुढे त्यामागचे ईश्वरी कारण सांगतो. सही मुस्लिम या हदीससंग्रहात इब्न अब्बासांचे उत्तर आहे: प्रेषितांनी मुलांना मारले नाही, तूही मारू नकोस, खिज्रला त्या मुलाविषयी जे ठाऊक होते ते तुला ठाऊक असेल तरच गोष्ट वेगळी. ते ज्ञान नज्दाला असणे शक्य नव्हते. ग्रंथाचा पूर्ण मान राखून, ग्रंथातल्याच कथेच्या आधारे, इब्न अब्बासांनी हत्येचे दार बंद केले. या सगळ्या वादात इतके नेमके उत्तर क्वचितच सापडते.

दार उघडे राहिले तर काय होते, याचे दाखले इतिहासात आहेत. 26 मे 1637च्या पहाटे अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये मिस्टिक नदीजवळ जॉन मेसन आणि जॉन अंडरहिल यांच्या इंग्रज तुकडीने पीक्वॉट जमातीच्या तटबंद वस्तीला आग लावली. बाहेर पडणाऱ्यांना तलवारीने आणि बंदुकीने मारले. मृतांचा आकडा 400 ते 700च्या दरम्यान सांगितला जातो; त्यांत बायका, मुले आणि म्हातारीकोतारी पुष्कळ होती. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये छापलेल्या वृत्तान्तात अंडरहिलने स्वतःच प्रश्न काढला, की ख्रिस्ती माणसाने अधिक दया दाखवायला नको का? आणि उत्तरादाखल दाविदाच्या लढाया वाचायला सांगितले. आईबापांबरोबर बायकामुलांनीही मरावे असे शास्त्र कधी कधी सांगते, असे लिहिले. त्याच वृत्तान्तात आणखी एक नोंद आहे. इंग्रजांच्या बाजूने आलेले नॅरागान्सेट लोक पीक्वॉटांचे हाडवैरी होते. ही लढण्याची रीत वाईट आहे, यात फार माणसे मरतात, असे ते इंग्रजांना सांगू लागले. त्यांच्याकडे बायबल नव्हते.

पाठीमागे जाऊन वाचले तर शहारे येतात, पण हे मागेच राहिलेले नाही. 25 फेब्रुवारी 1994 रोजी हेब्रॉनमध्ये बारूख गोल्डस्टाइन या डॉक्टरने पहाटेच्या नमाजात वाकलेल्या मुसलमानांवर गोळीबार करून 29 जणांना मारले. तो दिवस पुरीमचा होता. एस्तेरच्या पुस्तकातल्या हामानाच्या कटातून ज्यू वाचले, त्याचा हा सण. हामान अगागाच्या वंशातला, म्हणजे अमालेकी, मानला जातो. आणि सणाआधीच्या शनिवारी अमालेकाचे कृत्य आठवण्याची आज्ञा सभास्थानात वाचली जाते. 28 ऑक्टोबर 2023 रोजी, हमासच्या 7 ऑक्टोबरच्या हत्याकांडानंतर तीन आठवड्यांनी, इस्राएलचे पंतप्रधान बिन्यामिन नेतान्याहू यांनी भाषणात अमालेकाची आठवण ठेवण्याचे ते वचन काढले. डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात वंशसंहाराचा दावा दाखल केला, त्यात हे विधान पुरावा म्हणून जोडले. नेतान्याहूंच्या कार्यालयाने खुलासा केला, की रोख फक्त हमासवर होता आणि तेच वचन हेगमधल्या ज्यू स्मारकावरही कोरलेले आहे. नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्यांची आठवण म्हणून दगडावर कोरलेले वचन आणि रणगाड्यांच्या पुढे उच्चारलेले वचन यांत मात्र जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्यात अमालेकाने केलेला अन्याय आठवायचा आहे. दुसऱ्यात ऐकणाऱ्याला शौलाला दिलेली आज्ञाही आठवू शकते, आणि गाझातली मुले कुठल्या यादीत बसतात हे त्याचे तोच ठरवतो.

मराठी वाचकाला हे सगळे दूरचे वाटू नये. रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेले, घरात मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू पुरीमला होळीचा सण म्हणत आले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्ख्या बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद केला; 1922 साली मृत्यूपूर्वी तो त्यांनी हातावेगळा केला आणि 1924मध्ये तो छापून निघाला. दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरक्या मुलींना सांभाळणाऱ्या या बाईंच्या लेखणीखालून अमालेकाच्या तान्ह्या बाळांची ओळही गेली.

आणि आपल्या घरचा प्रश्न तर आहेच. 12 जून 1897 रोजी पुण्याच्या शिवाजी उत्सवात अफजलखानाच्या वधाचे समर्थन करताना टिळकांनी गीतेचा आधार घेतला: निष्काम बुद्धीने केले तर गुरुजनांना आणि आप्तांना मारण्यातही दोष नाही, असे श्रीकृष्णाने सांगितले आहे. तीन दिवसांनी ‘केसरी’त त्याचा वृत्तान्त आला, 22 जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. टिळकांचा त्या कटाशी संबंध सिद्ध झाला नाही. शिक्षा झाली ती राजद्रोहाच्या आरोपाखाली, 18 महिन्यांची. पुढे मंडालेच्या तुरुंगात त्यांनी गीतेला कर्मयोगाचा पाया दिला. गांधींनी ओरिजेनचाच मार्ग धरला: कुरुक्षेत्र माणसाच्या हृदयात आहे. आंबेडकरांनी दोन्ही वाटा नाकारल्या. आत्मा अमर असल्याने मारणे म्हणजे मारणेच नव्हे, हा बचाव एखाद्या वकिलाने खुनाच्या खटल्यात मांडला तर त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होईल, असे त्यांनी लिहिले. हे लिखाण त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. महाराष्ट्र शासनाने 1987 साली ते प्रसिद्ध केले. गीतेवर प्रेम असणाऱ्यानेही आंबेडकरांच्या आक्षेपाला उत्तर शोधावे. तो झटकून टाकता येण्यासारखा नाही.

तरी आज्ञेने केलेल्या संहाराचा खरा नमुना महाभारतात गीतेच्या खूप आधी, आदिपर्वात आहे. ब्राह्मणाच्या वेशातला अग्नी कृष्ण-अर्जुनांकडे भोजन मागतो. भोजन म्हणजे खांडववन, त्यातल्या सगळ्या जिवांसकट. इंद्र पाऊस पाडतो, अर्जुन बाणांनी तो अडवतो. आगीतून पळणारे पशुपक्षी कडेला उभे राहिलेल्या दोघांच्या हातून मरतात. तक्षक नागाची बायको पोराला वाचवायला त्याला गिळून उडते. अर्जुन तिचे डोके उडवतो. वाचतात ते तिचा मुलगा अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्ले. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (1967) या प्रसंगावरचे दैवी आवरण काढून जमिनीसाठी केलेला नागांचा संहार म्हणून तो वाचला. महाभारत आजही पूज्य मानणाऱ्या समाजात, मराठीत, एका विदुषीने हे लिहिले आणि वाचकांनी ते डोक्यावर घेतले.

कर्व्यांच्या पुढे एक पाऊल टाकले, की महाकाव्याची चौकटच डोळ्यांसमोर येते. अर्जुनाचा नातू परीक्षित तक्षकाच्या दंशाने मरतो. त्याचा मुलगा जनमेजय सगळी नागजात जाळून टाकण्यासाठी सर्पसत्र मांडतो, मंत्र म्हणणारे ऋत्विज, आहुती, सगळे शास्त्रोक्त. महाभारत सांगितले जाते ते या सत्रात. आणि सत्र थांबवतो आस्तिक, ज्याचा बाप ब्राह्मण आणि आई नाग. मिश्नातल्या त्या अम्मोनी माणसासारखाच तोही दोन्हीकडचा आहे.

आता या ग्रंथांतून मुलांना काय शिकवायचे, हा प्रश्न उरतो. 1960च्या दशकात इस्राएली मानसशास्त्रज्ञ जॉर्ज टामरिन यांनी 8 ते 14 वर्षांच्या हजाराहून अधिक शाळकरी मुलांना यरीहोची कथा वाचायला दिली आणि यहोशवाने केले ते योग्य होते का, असे विचारले. जवळपास दोन तृतीयांश मुलांनी पूर्ण संमती दिली. दुसऱ्या एका गटाला तीच कथा नावे बदलून दिली. यहोशवाच्या जागी जनरल लिन, इस्राएलच्या जागी तीन हजार वर्षांपूर्वीचे चिनी राज्य. संमती 7 टक्क्यांवर आली, 75 टक्क्यांनी स्पष्ट विरोध केला. मुलांची न्यायबुद्धी शाबूत होती. आपल्या माणसाचे नाव आले, की ती बाजूला पडत होती. आपल्याकडे खांडववनाची गोष्ट मुलांना सांगतात ती बहुधा गांडीव धनुष्य कसे मिळाले आणि मयसभा कशी उभी राहिली, यासाठी. पोराला गिळून उडणाऱ्या त्या नागिणीपाशी थांबून, तिने काय वाईट केले होते असे एखाद्या मुलाने विचारले, तर त्याला गप्प न बसवता शौलाचा तो युक्तिवादही ऐकवायला हरकत नाही.